टाकी खाली

नाशिकरोड,
५ जानेवारी २०२५

चि. सई हीस आशीर्वाद.

रवी काल संध्याकाळी तुझं खोकं घेऊन वर आला. तो तुझ्या ऑफिसात काम करतो आणि माझ्याच इमारतीत तळमजल्यावर राहतो, एवढ्या भांडवलावर तू त्याचा हमाल करून टाकला आहेस. बिचारा इगतपुरीपासून खोकं छातीशी धरून आला, लॅपटॉप जोडून दिला आणि चहासुद्धा न घेता पळाला. मी काहीतरी बोलेन हे त्याला कळलं होतं.

आता मला सांग, हा काय प्रकार आहे? सत्तरीच्या बाईला व्हिडिओ गेम? आणि तोही पाण्याखालचा! एकतीस वर्षं मी पालिकेच्या तरणतलावावर बायकांच्या बॅचला पोहायला शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली आज पोलिसात आहेत. एक कळवणच्या तहसील कचेरीत आहे, ती अजून मला बघितलं की आधी पाठ ताठ करते आणि मग नमस्कार. आणि मला समुद्र दाखवणार कोण, तर तू! नवव्या वर्षी उथळ बाजूच्या दांडीला चिकटलीस, टॉवेल गुंडाळून घरी पळालीस, ती आजतागायत पाण्यात उतरलेली नाहीस. तुझी आई असती तर तिनेही कपाळाला हात लावला असता.

दिवाळीत जे झालं ते मी विसरलेले नाही. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं राठ झालीत, नाकात ऑक्सिजनची नळी लावून घरी बसा. तू त्यांच्यासमोर नंदीबैलासारखी मान डोलावलीस आणि घरी येऊन मला तुझ्याकडे न्यायला माझी बॅग भरायला घेतलीस. तेव्हा जे सांगितलं तेच आजही सांगते. मी बोलावल्याशिवाय माझ्या दारात यायचं नाही. फोन मी उचलणार नाही. फोनवर माणूस सुचेल ते खोटं बोलतो, पत्रात निदान विचार करून बोलतो. मला नळी लागत नाही. दोन मजले चढते, उतरते, भाजी आणते.

लॅपटॉप परत पाठवते आहे. मात्र खोकं रवीने फाडून टाकलं, तेव्हा दुसरं मिळेपर्यंत तो कपाटावर ठेवला आहे.

मावशी

*

इगतपुरी,
९ जानेवारी

ती. मावशीस सा. न.

खोक्याचं कारण वाचून ऑफिसात एकटीच हसले. नाशिकरोडला पुठ्ठ्याची खोकी मिळत नाहीत हे मला माहीत नव्हतं.

दांडीला मी चिकटले होते, कारण माझ्या नाकात पाणी गेलं होतं आणि तू चाळीस बायकांसमोर ओरडत होतीस, "बुडत नाहीयेस, नाटकं करतेयस!" सगळ्या हसल्या. तुझ्या मुली पोलिसात गेल्या त्यात नवल नाही. तुझ्या हाताखाली राहिल्यावर कैद्यांची भीती कसली वाटणार?

खेळ अगदी साधा आहे. जहाज फुटलंय, आपण दोघी समुद्रात. पाठीवर हवेची टाकी. तळावरून लोखंड, शिंपले, शेवाळ गोळा करायचं, पाण्याखाली घर बांधायचं, पोट भरायचं आणि मरायचं नाही. दोघी असल्या की एक सोय असते. एकीची हवा संपत आली तर दुसरी आपली नळी तिला जोडू शकते. तुला नळीचं वावडं आहे हे ठाऊक आहे, पण ही चित्रातली आहे, डॉक्टरांना कळणार नाही.

रोज संध्याकाळी साडेसहाला मी तिथे असते. खोक्यात डोक्याला लावायचा माइक होता, तो लाव म्हणजे बोलता येईल. हा फोन नव्हे, त्यामुळे तुझी प्रतिज्ञा मोडत नाही. नेटसाठी छोटा डोंगल ठेवलाय, तो रवीने चालू करून दिलाय. दहा मिनिटं जिवंत राहून दाखव. तुला जमणार नाही म्हणा.

सई

*

नाशिकरोड,
२१ जानेवारी

चि. सई,

आठ दिवसांत नऊ वेळा मेले. त्यातल्या सात मरणांना तू जबाबदार आहेस.

ज्या कुणी हा खेळ बनवला त्याने आयुष्यात बादलीतसुद्धा तोंड बुडवलेलं नाही. आपली माणसं गुडघ्यातून पाय मारतात! माझ्या तलावावर असा पाय मारला असता तर मी त्या मुलीला काठावर पालथं झोपवून शंभर वेळा मारायला लावला असता. पाय कंबरेतून मारायचा असतो. शार्क मासा गल्लीतल्या कुत्र्यासारखा अंगावर धावतो आणि दगडामागे लपलं की आपण कशाला आलो होतो तेच विसरतो. तळातून तीरासारखं वर यावं तर नाकातून रक्त नाही की कान दुखत नाहीत. आणि आपलं घर! स्वयंपाकघराला तू खिडकी ठेवलेली नाहीस. समुद्रात राहायचं आणि भिंतीकडे तोंड करून मासा भाजायचा, ही अक्कल तुझीच.

पण सगळ्यांत वाईट तुझी भाषा. परवा तू कानात बोंबलत होतीस, "मावशी, टाकी खाली, टाकी खाली!" मी आपली इमानेइतबारे तळाशी गेले आणि चिखलात टाकी शोधत बसले. तिकडे तू वर मेलीस. अगं, मराठीत टाकी रिकामी होते. खाली म्हणजे तळाशी. "डबा खाली आहे", "रेक खाली झाली" ही तुमची रेल्वेची भाषा स्टेशनात ठेवायची, माझ्या घरात आणायची नाही. बुडणाऱ्या माणसाने निदान शुद्ध बोलावं, म्हणजे वाचवणाऱ्याला कळेल तरी.

उद्या साडेसहाला वेळेवर ये. काल सात मिनिटं उशीर केलास.

मावशी

*

इगतपुरी,
३ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

अख्खं नाशिक बाटलीला, डब्याला, रिक्षाला "खाली" म्हणतं. फक्त इंदिरा गायधनी रिकामी म्हणतात. ठीक आहे, हरले. काल मी "रिकामी" म्हणाले ते ऐकलंस ना? परिणाम असा झाला की आज तिकीटखिडकीवर एका माणसाला सांगून बसले, "मागचा डबा रिकामा आहे, रिकाम्यात बसा." तो माझ्याकडे संस्कृतच्या बाईंकडे बघावं तसा बघत होता.

खिडकी बसवली आहे. सव्वा तास लोखंड गोळा केलं तिच्यासाठी. तू त्यावर "बरी आहे" एवढंच म्हणालीस, आणि मग पंधरा मिनिटं तिच्यापुढे उभी राहून मासे बघत होतीस.

एक विचारते, चिडू नकोस. तुझ्या मागे सतत एक घरघर ऐकू येते. आणि तू बोलताना तीन-चार शब्दांनी थांबतेस. ऑक्सिजनचं मशीन आणलं आहेस का? आणलं असशील तर मला आनंदच आहे. फक्त सांग.

सई

*

नाशिकरोड,
१५ फेब्रुवारी

चि. सई,

घरघर पायलच्या फ्रीजची आहे. तिने नवीन घेतला आणि जुना माझ्या गॅलरीत आणून ठेवला. रवीच्या बायकोला नाही म्हणता येत नाही, ती मला आठवड्यातून दोनदा भाकरी आणून देते. मी थांबते ते दमून नाही. तुझ्याशी बोलताना शब्द सोपे करून घ्यावे लागतात.

मशीन! म्हणे आनंदच आहे! अशी घाई झालेली माणसं मी तलावावर पुष्कळ पाहिली. बाई जरा पाण्याखाली गेली की काठावरचे नातेवाईक किंचाळायला लागतात. बाई मजेत असते. मी अशा नातेवाइकांना गेटबाहेर उभं करायचे.

शेवाळाची बाग तू चुकीच्या बाजूला लावली होतीस, मी ती हलवली. दिवे पण लावले. आता पूर्वेच्या दारातून आत आलं की आधी हिरवं दिसतं. तुझ्या त्या खोलीत मात्र मी पाऊल ठेवणार नाही. शिंपल्यांचा नुसता उकिरडा केला आहेस. इगतपुरीचं तुझं क्वार्टर कसं असेल याची कल्पना आली.

मावशी

*

इगतपुरी,
७ मार्च

ती. मावशीस सा. न.

रंगपंचमीला येऊ का? एकच दिवस. जुन्या नाशकात रंगाच्या रहाडी उघडतील, जाऊन बघू. लहानपणी तू मला खांद्यावर बसवून दाखवायचीस. मी घरी थांबणार नाही, बॅगेला हात लावणार नाही. तू आताशा खेळात फार वेळ एका जागी उभी असतेस.

सई

*

नाशिकरोड,
१० मार्च

चि. सई,

नाही.

रंगाच्या त्या हौदात उडी मारणाऱ्यांना पाण्यात कसं पडावं हेही कळत नाही. पोटावर आपटतात आणि वर टाळ्या घेतात. ते बघायला मी दोन तास उन्हात उभी राहणार नाही, आणि तूही चारशे कामं सोडून यायचं नाहीस. एका जागी उभी असते कारण विचार करते. तूही करून बघ.

मावशी

*

नाशिक, दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर,
२७ एप्रिल

मावशी,

तू आत भिंतीकडे तोंड करून झोपली आहेस आणि मला आत सोडू नका असं सिस्टरना सांगितलं आहेस. म्हणून दहा पावलांवरून हे पत्र लिहिते आहे. सिस्टर देणार आहेत. फेकून द्यायचं तर वाचून फेक.

गुरुवारी काय झालं ते तुला नीट आठवत नसेल. पावणेसात वाजले होते. आपण फुटक्या जहाजापाशी होतो. तुझ्या मागची घरघर एकदम थांबली. मी म्हटलं, "फ्रीज मेला वाटतं." तू म्हणालीस, "लाइट गेली. चालू दे." लॅपटॉप बॅटरीवर होता, डोंगल होता, खेळ चालू राहिला. पाच-सात मिनिटांनी तू म्हणालीस, "सई, टाकी खाली."

तू रिकामीला खाली कधीच म्हणत नाहीस. तीन महिने मला त्यावरून सोललं आहेस. म्हणजे जहाजाच्या तळाशी एखादी टाकी दिसली असणार, असं मी धरलं आणि गेले खाली. पेट्या उघडत होते. तू पुन्हा म्हणालीस, "खाली." मी म्हटलं, "शोधतेय गं, दम धर."

दम धर म्हणाले मी तुला. हे मी आता कुणाला सांगू?

मग माइक चालू होता आणि त्यात काहीच नव्हतं. खेळातली तू माझ्यासमोर उभी होतीस, टाकी अर्धी भरलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पायलला फोन केला. ती किल्ली शोधत जिना चढता चढता रडतच बोलत होती, "सईताई, लय दिवसांपासून सांगायचं होतं, पण मावशींनी शपथ घातली. मशीन जानेवारीपासून आहे. लाइट गेली तर म्हणून एक टाकी ठेवलीये, ती सोमवारीच बदलायची होती, त्या म्हणाल्या अजून चालेल." दार उघडलं तेव्हा तू खुर्चीतून घसरली होतीस आणि माइक डोक्यालाच होता. रवीने अॅम्ब्युलन्स आणली.

गॅलरीत फ्रीज नाही हेही मी पाहून आले.

आता माझं. मी खेळ का पाठवला, तर तू फोन उचलत नव्हतीस आणि दारात येऊ देत नव्हतीस. मला तुझा श्वास ऐकायचा होता. रोज संध्याकाळी हेडफोन लावून मी तुझे श्वास मोजायचे. जानेवारीत मिनिटाला बावीस होते. गेल्या आठवड्यात एकतीस. डॉक्टरांना दर शनिवारी कळवत होते. सगळं मोजलं, आणि ज्या दिवशी तू तोंडाने सांगितलंस त्या दिवशी मला कळलं नाही.

सई

*

नाशिकरोड,
९ मे

सई,

घरी आणून सोडलंय. नाकात नळी आहे, आता लपवायला काही उरलं नाही.

तुझं पत्र वाचलं. म्हणजे तू चोर आहेस. मी बाग लावत होते, खिडकीपुढे उभी राहत होते, सहा वाजल्यापासून घड्याळ बघत होते, आणि तू तिकडे पेन्सिल घेऊन माझे श्वास टिपत होतीस. मला वाटत होतं तू माझ्याशी खेळतेस. सत्तर वर्षांच्या बाईला एवढंही कळू नये याची मला लाज वाटते आणि तुझा मला राग येतो. डॉक्टरांना दर शनिवारी! मी काय मालगाडी आहे, कुठल्या स्टेशनात किती वाजता होते ते कळवायला?

आणि वर लिहितेस, मी रिकामीला खाली कधीच म्हणत नाही! मग तेव्हा का म्हणाले? तुला कळावं म्हणून. रिकामी म्हणण्याइतकीही हवा नव्हती, आणि मला वाटलं, हिच्या शब्दात सांगितलं तर ही चटकन समजेल. एकतीस वर्षांत मी कुणाच्या चुकीच्या शब्दाला मान दिली नव्हती. एकदा दिला आणि तू पेट्या उघडत बसलीस.

लॅपटॉप रवीबरोबर पाठवत आहे. खोकं मिळालं.

इंदिरा गायधनी

*

इगतपुरी,
१२ मे

मावशी,

"मला श्वास पुरत नाही." चार शब्द आहेत. शुद्ध मराठी आहेत. जानेवारीपासून ते तुला एकदाही आले नाहीत. पत्रात नाही, माइकवर नाही, खुर्चीतून घसरतानाही नाही.

माझ्या रेल्वेच्या भाषेला नावं ठेवतेस. माझी भाषा वाईट असेल, पण मी मरताना ओरडते तरी. तू मेली असतीस आणि मी आयुष्यभर मनातल्या मनात त्या पेट्या उघडत बसले असते. याचा विचार तू केला होतास का? तू म्हणे पोरींची पाण्याची भीती घालवून दिलीस. स्वतः मात्र एका नळीला आणि शेजारच्या बाईच्या दयेला घाबरून बसलीस.

चोर तर चोर. मी फार रडले आहे आणि आता दमले आहे. लॅपटॉप रवीच्या घरी पडू दे. मी विचारणार नाही, येणार नाही. तू सांगितल्याशिवाय तुझ्या दारात यायचं नाही ना? नाही येत.

सई

*

नाशिकरोड,
१ जून

चि. सई,

हे पत्र तिसऱ्या दिवशी पुरं होतं आहे. थोडं लिहिते, थांबते.

तुझ्या चार शब्दांनी माझी झोप उडवली. उर्मट कारटी आहेस. मी ते आरशासमोर म्हणून बघितले. जमले नाहीत. लिहून जमतात का बघते.

मला श्वास पुरत नाही, सई. मार्चपासून मी जिना उतरलेले नाही. भाजी आणते म्हणून लिहायचे, ती पायल आणायची. आंघोळीला स्टुलावर बसते आणि पाठीला साबण लावत नाही, हात वर नेला की धाप लागते. नळी काढली तर मोरीपर्यंत जाईतो बोटं निळी होतात. माझी बोटं! मुलींची बोटं निळी दिसली की मी त्यांना पाण्याबाहेर काढायचे.

दुपारी पायल शाळेत शिकवायला जाते, रवी तुमच्याकडे असतो, इमारत गप्प होते. तेव्हा मला भीती वाटते. मशीनचा हिरवा दिवा बघत बसते. तो विझेल आणि हाक मारायला कुणी नसेल, असं वाटतं. पंख्याचा आवाज बदलला तरी नळी चाचपून बघते. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते आहे, पण तुला खरं हवं होतं ना, घे.

श्वास मोजलेस त्याची माफी तुला मिळणार नाही. तरी त्या गुरुवारी तू पायलला फोन केलास म्हणून मी हे लिहिते आहे, एवढं मला कळतं.

काल रवी बोलून गेला. त्याच्या पोटात काही राहत नाही. तू नाशिकरोडला बदली मागितली आहेस म्हणे, आणि त्यासाठी यंदाची बढती सोडावी लागणार आहे. इतका मूर्खपणा आपल्या घराण्यात आजवर कुणी केला नव्हता. हक्काचं क्वार्टर आहे, साहेब चांगले आहेत, दोन वर्षांत खुर्ची मिळाली असती. ते सगळं टाकून एका भांडखोर म्हातारीच्या मशीनजवळ येऊन बसणार! मी तुझ्या आमटीला नावं ठेवीन. उशिरा उठलीस तर ओरडेन. तुझ्या मैत्रिणी मला आवडणार नाहीत आणि तसं मी त्यांच्या तोंडावर सांगेन. तुला इथे सुख लागणार नाही, हे आत्ताच लेखी देते.

अर्ज मागे घेऊ नकोस.

मावशी